चिनी शहरांचे तट आणि बाजार

चिनी भाषेंत शहराला जो शब्द आहे तो दोन अक्षरांचा आहे. त्यांतील पहिल्या अक्षराचा, ‘छंग’चा, अर्थ तट, आणि दुसऱ्याचा, ‘शी’चा, अर्थ बाजार. तट आणि बाजार मिळून शहर होतें, असें ह्या शब्दाचें सांगणें आहे. पहिल्या अक्षराची गंमत अशी कीं तटालाहि तेंच म्हणतात आणि तटाच्या आंतल्या गांवालाहि तेंच.

आपल्याकडे एखाद्या शहराची ओळख पुष्कळदां देवळानें, नदीच्या घाटानें किंवा किल्ल्यानें होते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिला कीं पेशवाई डोळ्यांपुढें उभी राहते. चीनमध्यें हा मार्ग फारसा चालत नाहीं. तेथील राजवाडे आणि देवळें बहुतेक लाकडाचीं. तीं जळत, पाडलीं जात आणि पुन्हां त्याच जागीं, त्याच नांवानें उभीं राहत. देवळाची स्थापना हजार वर्षांपूर्वीची असावी आणि आंतील खांब शंभर-दीडशें वर्षांपलीकडचे नसावे, असा प्रकार तेथें नेहमींचा आहे. ह्यांत कोणाला फसविण्याचा हेतु नसतो. जागा, नांव आणि रचना हीं कायम राहिलीं म्हणजे इमारत तीच, अशी तेथील समजूत आहे. दगडांत इतिहास शोधण्याची संवय जडलेला प्रवासी मात्र लौकरच निराश होतो. त्यानें दोनच प्रश्न मनांत ठेवून हिंडावें: तट कोठून गेला होता, आणि बाजार त्या तटाच्या आंत होता कीं बाहेर? ह्या दोन प्रश्नांच्या आधारें आज आपण चार-पांच शहरांचा परिचय करून घेऊं.

आरंभ शीआनपासून करावा. वायव्य चीनमध्यें, वेई नदीच्या दक्षिणेस हें शहर आहे. हल्लीं तेथें जाणारे बहुतेक लोक पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैनिकांसाठीं जातात. १९७४ सालीं विहीर खणतांना शेतकऱ्यांना सांपडलेली ती सेना खरोखर पाहण्यासारखी आहे. पण ती शहरापासून दूर एका थडग्याच्या राखणीला उभी आहे आणि शहराविषयीं कांहींच बोलत नाहीं. शहर समजून घ्यावयाचें तर तटावर चढावें. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मिंग राजवटीनें बांधलेला हा तट आजहि उभा आहे. त्याचा घेर सुमारें १४ किलोमीटर असून माथा इतका रुंद आहे कीं लोक भाड्याच्या सायकलींवर बसून त्यावरून फेरफटका करतात. दक्षिण वेशीपासून सुमारें चार किलोमीटरवर, तटाच्या पुष्कळ बाहेर, विटांचा एक चौकोनी मनोरा आहे. हा मोठा रानहंस-स्तूप, इ. स. ६५२ मध्यें बांधलेला. इतकें महत्त्वाचें धर्मस्थान गांवाबाहेर कां बांधलें, असा प्रश्न नवख्याला साहजिकच पडतो. वस्तुतः तें गांवाबाहेर नव्हतेंच. बांधलें तेव्हां तें नगरीच्या तटाच्या आंत होतें. मनोरा जागेवर राहिला आणि शहर आकसलें.

तें जुनें शहर म्हणजे चांगआन. नांवाचा अर्थ चिरशांति. इ. स. ५८२ मध्यें स्वै राजवटीच्या युवेन काइ नांवाच्या अधिकाऱ्यानें त्याची आंखणी केली आणि पुढें थांग सम्राटांनीं तेथून राज्य केलें. तटाच्या आंतील क्षेत्र सुमारें ८४ चौरस किलोमीटर. मिंग तटानें वेढलेलें शहर ह्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढेंच भरेल. मुख्य राजमार्ग सुमारें १५० मीटर रुंद होता. बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते आणि त्यांमध्यें शंभराहून अधिक पेठा, आणि प्रत्येक पेठेला स्वतःचा तट व स्वतःच्या वेशी! सूर्यास्ताला नगारे वाजत, वेशी बंद होत, आणि त्यानंतर जो मोठ्या रस्त्यावर सांपडेल त्याला छडीचे वीस फटके अशी कायद्यांत तरतूद होती. सबंध नगरींत सरकारी बाजार दोनच, एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा. तेहि भिंतींत कोंडलेले. दुपारीं तीनशें टोले पडल्यावर उघडावयाचे आणि सूर्यास्तापूर्वीं बंद व्हावयाचे. पश्चिम बाजारांत इराणी आणि समरकंदाकडील सोग्दी व्यापाऱ्यांची वर्दळ असे. एवढ्या ऐश्वर्याची नगरी, पण बाजार तेथें कैद्यासारखा पहाऱ्यांत राहत होता.

ह्युएनत्संग हिंदुस्थानांतून ६४५ सालीं परत आला तो ह्याच नगरींत. बरोबर ६५७ ग्रंथ आणले होते, आणि त्यांच्या रक्षणासाठींच वर सांगितलेला स्तूप उभारण्यांत आला. परतल्यावर वर्षभरांत, म्हणजे ६४६ मध्यें, त्यानें आपलें प्रवासवर्णन पुरें केलें. त्यांत महाराष्ट्राचें वर्णन आहे, दुसऱ्या पुलकेशीचें नांव आहे, आणि उपकार न विसरणारे व अपमानाचा सूड घेतल्यावांचून न राहणारे असे जे ह्या देशींचे लोक त्यानें रंगविले ते आपल्या शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतात. शीआनच्या त्या मनोऱ्यापाशीं मराठी माणसानें अंमळ थांबावें तें एवढ्यासाठीं.

चांगआनचा अंत कसा झाला तें ऐकण्यासारखें आहे. ९०४ सालीं चू वेन नांवाच्या बलाढ्य सरदारानें सम्राटाला सक्तीनें पूर्वेकडे लोयांगला हलविलें, आणि नगरी मागें उरूं नये म्हणून राजवाडे व घरें उकलून त्यांचें लाकूड वेई नदींत सोडून दिलें. एखादी राजधानी जळाल्याचें इतिहासांत पुष्कळदां वाचावयास मिळतें. ती ओंडक्यांच्या रूपानें नदींतून वाहून गेल्याचें उदाहरण दुर्मिळ होय. चांगआनची आंखणी मात्र समुद्रापलीकडे जगली. जपानचें क्योतो ७९४ सालीं ह्याच नमुन्यावर वसविलें गेलें आणि त्याचे सरळ, काटकोनांतले रस्ते अजून तसेच आहेत.

शीआनहून पीत नदीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे गेलें कीं कायफेंग लागतें. ९६० पासून ११२७ पर्यंत ही सुंग राजांची राजधानी होती, आणि बाजारानें तट फोडला तो येथें. शत्रूच्या नव्हे, पेठांच्या भिंती मोडल्या त्या दुकानदारांनीं. ब्येन कालव्यानें दक्षिणेचा तांदूळ येई. मालाबरोबर माणसें येत. रस्त्याच्या कडेला दुकानें उघडत आणि हळूहळू रस्त्यावर सरकत. ९६५ सालीं राजाज्ञेनें रात्रीच्या बाजारालाहि मोकळीक मिळाली. थांग काळीं ज्या वेळीं फटके खावे लागले असते त्या वेळीं कायफेंगमध्यें लोक खाणावळींत जेवत होते. त्या काळच्या शहराचें चित्र चांग त्स्वेत्वान ह्या चित्रकारानें सव्वापांच मीटर लांबीच्या रेशमी पटावर काढलें आहे. तो पट आतां बीजिंगच्या राजप्रासाद-संग्रहालयांत असतो. त्यांत राजा दिसत नाहीं. उंटांचा तांडा वेशींतून निघाला आहे, कमानी पुलावर गर्दी उसळली आहे, आणि पुलाखालीं डोलकाठी वेळेवर न उतरविल्यामुळें आडव्या झालेल्या नावेवरील खलाशांची तारांबळ बघे वांकून पाहत आहेत. चीनच्या इतिहासाचे दहा ग्रंथ वाचण्यापूर्वीं हें एक चित्र पाहावें, असें माझें मत आहे.

आणि प्रत्यक्ष कायफेंगमध्यें गेल्यावर काय दिसतें? सुंग काळचें जवळजवळ कांहींच नाहीं. तें सगळें पायांखालीं आहे. पीत नदी आपल्याबरोबर इतका गाळ आणते कीं तिचें पात्र भोंवतालच्या शेतांपेक्षां उंच झालें आहे. बांध फुटला कीं शहर बुडावयाचें, गाळाखालीं जावयाचें, आणि लोकांनीं त्याच गाळावर, जुन्या रस्त्यांच्या रेषेंत, नवें शहर मांडावयाचें. उत्खननांत अशीं सहा शहरें एकावर एक रचलेलीं आढळलीं असून सुंग काळचा थर जमिनीखालीं कित्येक मीटर आहे. सर्वांत भयंकर पूर १६४२ चा, आणि तो केवळ निसर्गाचा कोप नव्हता. बंडखोर ली त्स-छंगचा वेढा पडला असतांना युद्धाचें साधन म्हणून बांध फोडले गेले आणि शहरांतील लाखों माणसें मृत्युमुखीं पडलीं. जो तट शत्रूला बाहेर ठेवण्यासाठीं बांधला होता त्यानें पाणी आंत कोंडून ठेवलें. १०४९ सालचा, लोखंडी रंगाच्या चकचकीत विटांचा मनोरा तेवढा त्या सगळ्यांतून वांचला. त्याचाहि पाया गाळांत गेला आहे.

कायफेंग ११२७ मध्यें उत्तरेकडील जुर्चेन लोकांच्या हातीं पडलें. त्यांनीं दोन सम्राटांना कैद करून नेलें, आणि उरलेला दरबार दक्षिणेला हांगचौ येथें जाऊन राहिला. तेथील पश्चिम सरोवराचें वर्णन अनेकांनीं केलें आहे; मी करीत नाहीं. नांवाची गोष्ट मात्र सांगतों. कायफेंग परत मिळवावयाचें आहे, ह्या आशेनें दरबारानें हांगचौला राजधानी म्हणण्याचें टाळलें. तात्पुरता मुक्काम ह्या अर्थाचा ‘शिंगत्साय’ हा शब्द वापरला. तो तात्पुरता मुक्काम १२७६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १४० वर्षें चालला. मार्को पोलोनें ज्या ‘किन्साय’ नगराचे गोडवे गायिले तें हेंच.

यांगत्से नदीवरील नानजिंगला आपण पूर्वीं नानकिंग म्हणत असूं. नांवाचा अर्थ दक्षिणेची राजधानी. मोंगलांना हुसकावून १३६८ मध्यें मिंग राजवट स्थापणाऱ्या शेतकरीपुत्र सम्राटानें येथें जो तट घातला त्याची लांबी ३५ किलोमीटरांहून अधिक होती, आणि त्यांपैकीं सुमारें २५ किलोमीटर अजून शिल्लक आहे. त्याच्या जवळ जाऊन विटा वाचाव्या. होय, वाचाव्या, कारण त्यांवर लेख आहेत. वीट कोणत्या जिल्ह्यांतून आली, देखरेख करणारा अधिकारी कोण, भट्टी कोणाची आणि वीट पाडणारा कोण, हीं नांवें तींवर उमटविलेलीं असतात. ह्यांत मजुराचा गौरव करण्याचा विचार नव्हता. वीट कच्ची निघाली तर कोणाला धरावयाचें तें कळावें, एवढाच हेतु होता. परंतु परिणाम असा झाला कीं सहाशें वर्षांनंतर ज्यांच्याविषयीं दुसरें कोणतेंहि लिखाण उरलें नाहीं अशा खेडुतांचीं नांवें राजधानीच्या तटावर राहिलीं आहेत. आपल्याकडे ताम्रपटांत दान देणारा राजा सांपडतो, दान घेणारा ब्राह्मण सांपडतो. गडाच्या बुरुजांत मात्र पाथरवटाचें नांव शोधून सांपडावयाचें नाहीं.

ह्या तटानें १९३७ च्या डिसेंबरांत काय पाहिलें तेंहि सांगितलें पाहिजे. जपानी सैन्य जवळ येतांच चिनी सेनेला माघारीचा हुकूम सुटला, आणि १२ तारखेच्या रात्रीं नदीकडे जाणाऱ्या यीच्यांग वेशींत पळणारांची अशी चेंगराचेंगरी झाली कीं माणसें माणसांच्या पायांखालीं मेलीं. जो तट आश्रय म्हणून बांधला तो सांपळा झाला. दुसऱ्या दिवशीं शहर पडलें आणि पुढील सहा आठवडे कैद्यांची व नागरिकांची कत्तल आणि स्त्रियांवरील अत्याचार चालले. युद्धानंतर तोक्योच्या आंतरराष्ट्रीय न्यायासनानें मृतांची संख्या दोन लाखांवर धरली. नानजिंगच्या स्मारकावर तीन लाख हा आंकडा कोरला आहे.

ह्याच शहरासमोर, यांगत्से नदींत, त्याच्या ९५ वर्षें आधीं जो तह झाला त्याचा धागा थेट मुंबईला येऊन मिळतो. २९ ऑगस्ट १८४२ रोजीं पहिल्या अफूयुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनीं ‘कॉर्नवॉलिस’ ह्या आपल्या युद्धनौकेवर चिनी वकिलांच्या सह्या घेतल्या. ती नौका १८१३ मध्यें मुंबईच्या गोदींत बांधलेली होती. बांधणारे वाडिया घराण्यांतील कारागीर आणि लाकूड सागवानी. युद्ध ज्या मालावरून पेटलें त्या मालाचाहि मोठा भाग मुंबईहूनच जात असे.

तो व्यापार ज्या बंदरांत चाले तें दक्षिणेचें ग्वांगचौ, म्हणजे आपलें जुनें कँटन. १७५७ पासून पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना तेवढेंच एक बंदर खुलें होतें. आणि तेथेंहि त्यांच्या वखारी तटाच्या बाहेर, नदीकांठच्या चिंचोळ्या पट्टींत. परक्याचा बाजार वेशीबाहेर, हा नियम चांगआनच्या नियमापेक्षांहि कडक होता. ह्या वखारींत मुंबईचे पारशी व्यापारी इंग्रजांच्या बरोबरीनें वावरत. ते गुजराथचा कापूस नेत, आणि माळव्याची अफू नेत. सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनीं तरुणपणीं चीनच्या सफरी केल्या आणि पुढें ह्याच दोन जिनसांच्या व्यापारांत अपार संपत्ति मिळविली. ज्या इस्पितळाला आणि ज्या कलाशाळेला त्यांचें नांव आहे त्यांचा लाभ आजवर कोट्यवधि लोकांनीं घेतला असेल. तो दानधर्म खोटा नव्हता. परंतु १८३९ सालीं लिन त्स-श्यू ह्या करड्या चिनी अधिकाऱ्यानें २०,००० हून अधिक पेट्या अफू जप्त करून चुन्याच्या पाण्यांत कालवून समुद्रांत सोडली, तींत माळव्याच्या खेड्यांतून मुंबईमार्गें आलेल्या पेट्याहि होत्या. ग्वांगचौच्या नदीकांठीं हिंडतांना कँटनच्या गल्ल्यांतील व्यसनी आणि मुंबईचीं उदार नांवें हीं एकाच खातेवहींत लिहिलीं गेलीं होतीं, हें मनांतून जात नाहीं, जाऊंहि नये.

त्या तहानें हाँगकाँग इंग्रजांकडे गेलें आणि पांच बंदरें खुलीं झालीं. त्यांतील शांघायचें नांव सर्वांत मोठें झालें. इंग्रज आले तेव्हां शांघाय म्हणजे कोळ्यांचें खेडें होतें, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें खरें नाहीं. १२९२ पासून तें तालुक्याचें ठाणें होतें आणि १५५३ मध्यें समुद्रावरील चांच्यांच्या भीतीनें त्याला वाटोळा तट घातला होता. परक्यांच्या वसाहती त्या तटाबाहेर, नदीच्या चिखलांत वसल्या. आणि शंभर वर्षांच्या आंत बाहेरचें शहर इतकें वाढलें कीं आंतलें त्यांत हरवलें. १९१२ मध्यें चिनी नागरिकांनींच तो तट पाडावयास घेतला. आज नकाशांत जुन्या शांघायभोंवतीं जो अंगठीसारखा गोल रस्ता दिसतो तो त्या तटाचा मार्ग होय. रस्ता ओलांडून आंत शिरलें कीं गल्ल्या एकदम वांकड्या होतात. तट पडला तरी वेशींतून आंत गेल्याचें पायांना कळतें.

नदीकांठच्या प्रसिद्ध रस्त्याला इंग्रज ‘बंड’ म्हणत. तो शब्द आपल्याच बाजूचा: फारसी-हिंदुस्थानी ‘बंद’, आपला बांध. त्या बांधावर हिरव्या शिखराची जी इमारत आहे ती १९२९ सालीं सर व्हिक्टर ससून ह्यांनीं बांधली. त्यांचे पूर्वज डेव्हिड ससून बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईला आले. त्यांच्या मुलानें १८४० नंतरच्या दशकांत चीनमध्यें पेढ्या काढल्या आणि कापूस व अफू ह्यांवरच घराणें वाढलें. कुलाब्याला मासळीबाजार भरतो तो ससून गोदींत, आणि शांघायचें तें उंच हॉटेलहि त्याच वंशाचें! पलीकडच्या तीरावर, १९९० पर्यंत जेथें शेतें, वखारी आणि कारखाने होते तेथें आतां ६३२ मीटर उंचीची इमारत उभी आहे. तिच्याविषयीं आणखी सांगण्यासारखें मला फारसें आढळलें नाहीं.

शांघायहून बीजिंग १,३०० किलोमीटरांवर आहे. २०११ पासून जलद गाडी तें अंतर साडेचार-पांच तासांत तोडते. बीजिंग म्हणजे उत्तरेची राजधानी, आपलें पेकिंग. १२६७ मध्यें कुबलाईखानानें येथें आपली नगरी आंखावयास घेतली. १४२० मध्यें मिंग सम्राट युंगलोचा राजवाडा पुरा झाला आणि पुढील वर्षीं राजधानी नानजिंगहून येथें आली. दक्षिणोत्तर ७.८ किलोमीटर लांबीच्या एका सरळ रेषेवर वेशी, राजवाडा, टेकडी, नगारखाना आणि घंटाघर ओंविलेलीं आहेत. शहराला बाहेरचे व आंतले असे तट होते आणि प्रत्येक वेशीचें काम लोकांच्या तोंडीं असे. छाउयांग वेशींतून धान्य येई, फूछंग वेशींतून कोळशाचे उंट, शीजी वेशींतून पहाटे राजवाड्याच्या पिण्याच्या पाण्याच्या गाड्या; तशंग वेशींतून सेना मोहिमेवर जाई; आणि श्वानवू वेशींतून देहदंडाचे कैदी बाहेर नेत.

१९५० सालीं, नव्या राजवटीच्या आरंभींच, हा तट राहावा कीं जावा हा वाद उपस्थित झाला. वास्तुशास्त्रज्ञ ल्यांग स्स-छंग ह्यांनीं सुचविलें कीं नवीं सरकारी कचेऱ्या जुन्या शहराच्या पश्चिमेला बांधाव्या, आणि तटाच्या रुंद माथ्यावर झाडें लावून नागरिकांसाठीं बाग करावी. त्यांच्या पत्नी लिन ह्वेयिन ह्यांचाहि ह्या लढ्यांत मोठा वांटा होता. १९२४ मध्यें रवींद्रनाथ पेकिंगला गेले तेव्हां ‘चित्रा’ नाटकांत चित्रेची भूमिका केली ती ह्यांनींच. सूचना फेटाळली गेली. रहदारीला अडथळा, जुन्या राजेशाहीचें चिन्ह, विटांची गरज, अशीं कारणें पुढें आलीं. एकेक वेस पडत गेली, आणि १९६५ नंतर भुयारी रेल्वे खणतांना उरलेला तट बहुतेक नाहींसा झाला. ल्यांग १९७२ मध्यें वारले. ज्या घरांत हें दांपत्य १९३० नंतरच्या वर्षांत राहत होतें तें घर २०१२ मध्यें पाडलें गेलें.

आज त्या तटाच्या मार्गाखालून भुयारी रेल्वेची वाटोळी वाट जाते. डब्यांत दर दोन-तीन मिनिटांनीं स्थानकाचें नांव पुकारतात: छाउयांगमन, फूछंगमन, श्वानवूमन. ‘मन’ म्हणजे वेस. उतरून वर आलें तर वेस नसते. रुंद रस्ता आणि मोटारी असतात. आग्नेय कोपऱ्यांत मात्र एक बुरूज आणि सुमारें दीड किलोमीटरचा तट वांचला होता. १९९० नंतरच्या दशकांत त्याची दुरुस्ती निघाली तेव्हां जुन्या विटा परत आणून देण्याचें आवाहन करण्यांत आलें. तट पाडला त्या वेळीं लोकांनीं त्या विटा नेऊन घरांच्या भिंतींना आणि अंगणांतल्या खोपटांना लावल्या होत्या. त्या उपसून, धुऊन, हातगाड्यांवर घालून लोकांनीं परत आणल्या. जवळच रेल्वेचें मोठें स्थानक आहे, आणि येणाऱ्या गाड्या त्या तुकड्याच्या अंगावरून आंत शिरतात.